आधी लाइट, मंग चहा

आमच्या जवळा बाजारात पत्ता सांगायची एक साधी पद्धत आहे. देवळापासून डावीकडे वळा, किराणा दुकान लागेल, त्याच्या समोरचं निळं दार. मारोतराव लाइनमनना ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. दुकानं बदलतात, दारांना लोक रंग लावतात, असं त्यांचं म्हणणं. ते पत्ता खांबावरून सांगायचे. "अकरा नंबरच्या खांबावरून डाव्या हाताला जी सर्व्हिस वायर गेली, ते ह्या पोरीचं घर," असा ते माझा पत्ता सांगत. गावात नवा पोस्टमन आला तेव्हा मारोतरावांनी त्याला भर बाजारात उभं करून अख्खं गाव असं खांबांवरून समजावून दिलं. तो बिचारा पुढचे चार दिवस मान वर करून सायकल चालवत होता आणि शेवटी एका भाजीवालीच्या वांग्यांत जाऊन पडला.

मारोतराव स्वतःही असेच चालायचे. नजर तारेवर, पाय देवाच्या भरवशावर. त्यांच्या दोन्ही पायांचे अंगठे कायम ठेचाळलेले असत. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तरी ते आधी वरच्या तारेला भेटत आणि मग खालच्या माणसाला. तुम्ही "राम राम काका" म्हणालात की उत्तर यायचं, "राम राम. ही फांदी तोडावी लागते." निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खाकी पँट सुटली नव्हती. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. सही करायची वेळ आली की हा माणूस चुकून टेस्टरचं टोपण शोधत बसायचा.

"लाइट गेली" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "गेली म्हनू नगा. जाईल कुठं? थांबली असंल कुठंतरी. आपुन जाऊन बगू." असं म्हणून ते निघायचे. ते जाऊन आता वर्ष होईल. मी हे लिहिते आहे तो कॉम्प्युटर मी माझ्या हातांनी जोडला, पण सुरू झाला तो मारोतरावांमुळे. त्या दिवशी त्यांनी नेमकं काय सुरू केलं, हे मला कळायला मात्र बरेच दिवस लागले.

त्यांचा एक नियम सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता. आधी लाइट, मग चहा. बिघाड काढायला बोलावलं की आपल्याकडे आधी पाट मांडून चहा पुढे करायची रीत. मारोतराव कपाकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या मळ्यावर ते सकाळी नऊ वाजता गेले आणि दुपारी तीनपर्यंत बिघाड सापडेना. मळ्याच्या मालकीणबाईंनी सहा वेळा चहा केला, सहा वेळा तो बैलगाडीवाल्यांनी पिऊन टाकला. तीन वाजता मोटार सुरू झाली तेव्हा मारोतराव म्हणाले, "आता आना." तोवर घरातलं दूध संपलं होतं. त्यांनी काळा चहा घेतला आणि वर छान झाला म्हणून सांगितलं.

बिघाड शोधायची त्यांची तऱ्हाही ठरलेली होती. बाकी सगळे जिथे अंधार आहे तिथून शोधायला लागतात. मोटार चालत नाही ना, मग मोटारच उघडा. मारोतराव उलटे. "वीज कुठवर आली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. जिथवर आली आहे तिथे जाऊन उभं राहायचं आणि तिथून पुढे एक एक पाऊल टाकायचं. "पुढं चल," असं ते स्वतःलाच सांगत. त्यानंतरचा प्रश्न म्हणजे, "शेवटचा हात कोणाचा लागला?" दहांतल्या नऊ वेळा बिघाड शेवटचा हात जिथे लागला तिथेच असतो, हा त्यांचा अनुभव. पण गंमत अशी, की हा प्रश्न विचारून उत्तर मिळालं, तरी ते नाव पुन्हा त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही.

आमच्याच गल्लीत एका सद्गृहस्थांनी घरच्या कार्यासाठी तारेवर आकडा टाकून फुकटची रोषणाई केली होती. मारोतराव तेव्हा नोकरीत होते. आता हा माणूस पाहुण्यांसमोर तमाशा करणार, असं सगळ्यांना वाटलं. ते आले, बांबूने आकडा काढला, वायरचं सुबक वेटोळं केलं, वरून सुतळी बांधली आणि यजमानांच्या हातात आहेर द्यावा तसं दिलं. म्हणाले, "तुमची वायर पडली होती रस्त्यात. लेकराबाळाचा पाय अडकंल." यजमान दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज घेऊन हजर झाले. मारोतरावांनी हे कोणाला सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ते यजमान माझे वडील होते.

तेव्हापासून वडिलांची आणि त्यांची दोस्ती. रविवारी अंगणात दोघं बसत. बोलणं फार नसायचं. वडील पेपर वाचत आणि मारोतराव आमच्या अकरा नंबरच्या खांबाकडे बघत. अशाच एका रविवारी मी त्यांना विचारलं, की काका, तुम्ही चुकलेल्या माणसाचं नाव काहून घेत नाही? वडिलांनी पेपर खाली केला. मारोतरावांनी उजवा तळहात उघडून दाखवला. मधोमध भाजल्याचा जुना पांढरा चट्टा होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. नामदेव नावाचा त्यांचा एक जोडीदार होता. मारोतराव खांबावर आणि नामदेव खाली खटक्यापाशी. इशारा व्हायच्या आधीच खटका पडला, तारेत वीज आली आणि मारोतराव फेकले गेले. वाचले, हात भाजला. खाली बाजार भरलेला होता. "मी त्या बाजारात बोंब मारून सांगितलं, बगा रे, ह्या नाम्याच्या हातानं मला मारलं. तरणं रक्त होतं." पुढे तपासात निघालं, की खटक्याची मूठच झिजली होती, ती आपोआप खाली यायची. पण तोवर नामदेवने गाव सोडलं होतं. "लई वर्सांनी औंढ्याला भेटला, नागनाथाच्या दारात. बोलला बराबर, चांगला बोलला. पन मला बगताच उजवा हात पाठीमागं घेतला त्यानं." एवढं सांगून मारोतराव उठले आणि मान वर करून निघून गेले. जाताना फाटकाला अडखळले.

वडील वारले त्याला आता चार वर्षं होतात. आई आधी कशी होती, हे इथे सांगायला हवं. घरात कोणतीही नवी वस्तू आली, की आई आधी तिचं तोंड शोधायची. तोंड म्हणजे जिथे ओल्या हळद-कुंकवाचं बोट टेकवायचं ती जागा. सायकलचं तोंड म्हणजे घंटी, मिक्सरचं म्हणजे ते फिरवायचं बटण. वडिलांच्या नव्या मोबाइलचं तोंड तिने कॅमेऱ्यापाशी ठरवलं होतं, त्यामुळे त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या फोटोंत नातेवाइकांना कावीळ झालेली आहे. वडील गेले आणि आईने आपला करंडा उचलून कपाटात मागे ठेवून दिला. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच त्यातली गोम आहे. तेव्हापासून असल्या कामाला शेजारच्या घरातून माझी मोठीमाय, म्हणजे थोरली चुलती, येऊ लागली. मोठीमाय मनाने वाईट नाही. आमच्यासाठी ती रात्रंदिवस राबलेली आहे. पण तिच्या जिभेला खटका नाही.

मी घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम करते. जुना लॅपटॉप शेवटचे श्वास मोजत होता आणि हातात नांदेडच्या एका प्रकाशकाचं जाडजूड पुस्तक होतं. तयार मशीन घेण्यापेक्षा सुटे भाग मागवून आपणच जोडावं, असं माझ्या डोक्यात शिरलं. खोकी एक एक करून आली. आईने स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवले, लहान, मधले, मोठे, जणू फोडणीची तयारी. दोन दिवस व्हिडिओ बघत बघत मी सगळं जोडलं. शेवटचा स्क्रू लागला तेव्हा बटण दाबायला हात नुसता शिवशिवत होता. पण मोठीमायने बजावलं, "उद्या पाच वाजता चांगला टाइम हाय. मी येऊन हळद-कुंकू लावते, मंग चालू कर. तोवर बटनाला हात लावू नगस." मीही ऐकलं. शहाणी माणसं आधी मशीन चालवून बघतात आणि मग पूजा करतात. आमच्याकडे उलटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्स्टेन्शन बोर्ड आणायला हिंगोलीला गेले. दुपारी परत आले. पाच वाजता मोठीमायने कॅबिनेटच्या माथ्यावर कोरडं हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, माझ्या हातात पेढा दिला. मी बटण दाबलं.

काही नाही. पंखा नाही, आवाज नाही, दिवा नाही. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. मोठीमाय म्हणाली, "नव्या वस्तूला भलता हात लागला की असंच व्हतं बाई. कोनाचा तरी लागला."

तिने आईकडे बघितलंही नव्हतं. बघायची गरज नव्हती. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढचे दोन दिवस मी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. सगळी पुस्तिका वाचली. एका व्हिडिओतला माणूस म्हणाला की मदरबोर्ड मेला असेल, दुसरा म्हणाला पॉवर सप्लाय. पण मला त्याहून जास्त छळत होती ती दुसरीच गोष्ट. आई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. पाणी आणायची ते उंबऱ्यावर ठेवायची आणि हात पदराखाली घ्यायची. मी म्हटलं, अगं आत ये ना. "न्हाई माय, तुझं काम चालू हाय," म्हणायची. तिसऱ्या दिवशी देवापुढे दिवासुद्धा तिने मला लावायला सांगितला. मशीन नाही सुरू झालं तर दुसरं घेता आलं असतं. आईचा हात कुठून आणणार होते मी?

त्या दिवशी मी मारोतरावांना गाठलं. ते सतरा नंबरच्या खांबाखाली उभे होते.

"काका, लाइट घरात आहे, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही. तुम्हाला त्यातलं…"

"मला त्यातलं काई कळत न्हाई," ते म्हणाले. "पन वीजच खातो न्हवं तो? चल."

घरी आले तेव्हा मोठीमाय खोलीतल्या कॉटवर बसलेली होती. ती या दोन दिवसांत रोज येऊन बसत होती, चौकशी म्हणून. मारोतराव उकिडवे बसले. खिशातून टेस्टर निघाला.

"वीज कुठवर आली?"

टेस्टर बोर्डात गेला, त्याचा दिवा लागला. "इथवर आली. पुढं चल." वायर बघितली. मागचा खटका बघितला. "पुढं?" मी कॅबिनेटचं झाकण काढलं. आत मदरबोर्डच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका चमकत होता.

"हा कोन?"

"तो दिवा लागला म्हणजे इथपर्यंत वीज आली आहे, काका."

"मंग बग. तीन दिस झाले, तू मशीन मेली म्हनून राहिली. मेलेल्यापाशी दिवा आपुन लावतो. त्यो आपलाआपुन लागत न्हाई." ते खूश झाले. "आता इंजिनेरबाई, ते बटन काय करतं सांग."

मी सांगितलं. बटणापासून दोन बारीक वायरी आत येतात, या दोन खिळ्यांवर बसतात. बटण दाबलं की दोन्ही क्षणभर एकमेकांना टेकतात. मग बोर्ड समजतो की सुरू व्हायचं आहे.

"म्हंजे दाराच्या घंटीचं बटन. टेकलं पायजे आनि सुटलंबी पायजे."

"हो."

"शेवटचा हात कोनाचा लागला?"

"माझा," मी म्हणाले. "नंतर मोठीमायने वर हळद-कुंकू वाहिलं." मोठीमायने पदर सावरला. "तेच म्या पहिल्या दिवशी म्हनलं, भाऊ. माझ्या आधीच कोनाचा तरी…"

नेमकी तेव्हाच आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने उंबऱ्यावर ठेवला आणि उजवा हात पदराखाली घेतला.

मारोतरावांनी ते पाहिलं. आयुष्यभर तारेकडे बघणारा तो माणूस त्या वेळी खाली, उंबऱ्याकडे बघत राहिला. मग त्यांनी चष्मा लावला, कॅबिनेटच्या पुढे वाकले, अंगठ्याने ते बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बटणाच्या कडेच्या फटीतून नख फिरवलं आणि नखाकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"वैनी," ते म्हणाले, "चहा टाका."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अजून काहीच सुरू झालेलं नव्हतं. मोठीमायलाही तो नियम ठाऊक होता. "भाऊ, तुमी तर लाइट आल्याबिगर…"

"आज घसा धरला माय माझा. वैनी, आलं ठेचून टाका, घाई करू नगा." आई आत गेली. मग ते मोठीमायकडे वळले, चेहरा अगदी सरकारी कामाचा करून. "तुमचं एक काम हाय. भाईर मीटर हाय ना, त्याच्यापाशी उभं ऱ्हावं लागते. त्याच्यावर तांबडा दिवा लुकलुकतो का बगा. डोळ्यात तेल घालून बगा. मी हाक मारल्याबिगर जागा सोडू नगा, लई जोखमीचं हाय."

मीटरवरचा तांबडा दिवा बारा महिने चोवीस तास लुकलुकत असतो. मोठीमाय तरातरा बाहेर गेली आणि पहाऱ्यावर उभी राहिली.

"काढ त्या वायरी खिळ्यांवरून," मारोतराव हळू आवाजात म्हणाले. मी काढल्या. त्यांनी टेस्टरचं टोक त्या दोन खिळ्यांवर क्षणभर टेकवलं. पंखे भर्रकन फिरले. माझ्या तोंडातून आवाज निघणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांब. बंद कर. बटन काड आदी."

पुढची पट्टी निघाली, आतून बटण हातात आलं. त्याच्या बुडाशी, स्प्रिंगभोवती, वाळलेल्या हळदीचा घट्ट थर बसला होता. त्यात तांदळाचा एक दाणा. आणि कुंकू. हळद एकवेळ स्वयंपाकाच्या हाताची म्हणता आली असती, पण कुंकू दोन वर्षांत आमच्या घरात मोठीमायच्या ताटाशिवाय आलं नव्हतं, आणि तिने वाहिलं होतं ते कोरडं, वर माथ्यावर. बटण मुहूर्ताच्या आधीच आत दाबलेल्या अवस्थेत चिकटून बसलं होतं. मी दाबत होते ते दाबलेलंच दाबत होते.

मला सगळं दिसलं. मी हिंगोलीला गेलेली, घर रिकामं. आईने कपाटातून करंडा काढला असेल. तोंड शोधलं असेल. या पेटीला समोर एकच तर तोंड होतं. बोट टेकवलं असेल, अक्षता लावल्या असतील, आणि मग कोणी बघेल म्हणून पदराने घाईघाईने पुसून टाकलं असेल. मला रडू आलं. दोन वर्षांत तिने एकदाच, चोरून, माझ्यासाठी हात पुढे केला होता आणि तेवढ्यानेच ते मशीन अडलं होतं.

"काका, ही हळद…"

"स्प्रिंग," मारोतराव म्हणाले.

"पण हे तर…"

"स्प्रिंग अडकली होती. कारखान्यातूनच तशी आली." त्यांनी आपला रुमाल तांब्यातल्या पाण्याने जरासा भिजवला, बटण स्वच्छ पुसलं, दुसऱ्या टोकाने कोरडं केलं, दोनचार वेळा दाबून पाहिलं. टक, टक. रुमाल पिवळा-लाल झाला होता. त्याची घडी डाग आत जातील अशी घातली आणि खिशात तळाशी सारला. "ह्याच्यात दोष हाताचा न्हाई पोरी. हळद वाळते, तिचा धर्मच हाय तो. हे सांगितलं तर तुझ्या मायला फक्त हात आयकू येईल. हळद आयकू येणार न्हाई."

नामदेवच्या गोष्टीनंतर एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी बटण आणि वायरी माझ्याकडून परत जागेवर बसवून घेतल्या आणि दोघींना हाक मारली.

आई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी थबकली. "वैनी, आत या," मारोतराव म्हणाले. "ट्रे ठिवा आनि हे बटन दाबा."

"मी?" आईने ट्रे ठेवला आणि हात पदराखाली नेला.

मोठीमाय दारातूनच म्हणाली, "तिला काहून बोलावून राहिले भाऊ? पोरगी दाबंल की."

"मोठ्या वैनी, मी तीस-पस्तीस वर्सं तारेवर काढली," मारोतराव शांतपणे म्हणाले. "विजेला कोनाचाबी हात सारखाच. चुकीच्या जागी पडला तर बामनालाबी सोडत न्हाई, आनि बराबर जागी पडला तर कोनालाच अडवत न्हाई. स्प्रिंग अडकली होती, ती काडली. आता ह्यांचा हात बराबर जागी पडनार हाय. दाबा वैनी."

आईचा हात बाहेर आला. तिने बोट टेकवलं, टक झालं, आणि पंखे फिरू लागले. पडद्यावर उजेड आला. आई बोट तसंच धरून उभी होती, सोडायला तयार नव्हती. "सोडा, सोडा," मारोतराव म्हणाले, "टेकलं की सोडायचं."

"म्या बगत होते," मोठीमाय म्हणाली. "मीटर लुकलुकला, मला तवाच समजलं." या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत आपला मोठा वाटा आहे, असं ती आजही पाहुण्यांना सांगते. आम्ही तिला अडवत नाही.

मारोतरावांनी त्या दिवशी चहा दोन कप घेतला. देवापुढचा दिवा संध्याकाळी आईनेच लावला.

एवढंच असतं तर मी आयुष्यभर समजले असते, की आईला काहीच कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली डीपी, म्हणजे वीज उतरवून घरोघर देणारा तो ट्रान्सफॉर्मर, बदलला. नवा बसला. अजून वीज सोडायची होती. लोक जमले. नारळ फोडायचा मान गल्लीने मारोतरावांना दिला. मोठीमाय हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली होती. मारोतरावांनी तिच्या हातातून ताट घेतलं आणि गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या आईपुढे धरलं.

"नारळ मी फोडतो. हळद-कुंकू वैनी लावतील."

कुजबुज झाली. आई पदरात हात घेऊन उभी. मी मोठीमायकडे बघत होते, आता ही काय बोलते म्हणून. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग म्हणाली, "लाव गं. माझा गुडघा वाकत न्हाई." तिचा गुडघा चांगला वाकतो. मी तो रोज वाकलेला बघते.

आईने बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं. पुढे गेली आणि सवयीने तोंड शोधू लागली. ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीला समोरच एक मूठ होती, खटक्याची. बोट तिकडे निघालं. मारोतराव शेजारी उभे होते, मान वर, नजर तारेवर. तारेशी बोलावं तसे हळूच म्हणाले, "वैनी, खटक्याला नका लावू बरं. वाळलं की अडकते."

आईचं बोट हवेत थांबलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिच्या मागेच होते, मला तिचा चेहरा दिसला. आधी धक्का, मग समजणं. म्हणजे वर्षभर या माणसाला ठाऊक होतं. स्प्रिंग-बिंग काही नव्हती. आणि ठाऊक असूनही त्याने तेच बोट, त्याच हळदीत, सगळ्या गल्लीसमोर बुडवायला लावलं होतं. मला वाटलं ती आता रडेल. ती हसली. वडील गेल्यापासून मी तिला इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. कोणालाच कळेना काय झालं. मोठीमायही हसली, उगाच.

आईने पेटीच्या मधोमध, खटक्यापासून चांगलं वीतभर लांब, पाच बोटं ओढली. नारळ फुटला. वीज सोडली, घराघरांतून पंखे फिरल्याचा आवाज आला. चहा आला तो मारोतरावांनी उभ्या उभ्या घेतला, कप खाली ठेवला आणि घराकडे निघाले. दोन महिन्यांनी, आखाडात, झोपेतच त्यांचं सगळं शांत झालं. त्यांना असं चालताना मी शेवटचं पाहिलं ते त्या डीपीच्या दिवशी.

खाकी पँट, खिशाला टेस्टर, मान वर. दहा नंबरचा खांब झाला, नऊ नंबरचा झाला. आठ नंबरपाशी फुटक्या नारळाच्या करवंटीएवढा एक दगड रस्त्यात होता आणि ते सरळ त्याच्यावरच निघाले होते.

"भावजी!" आई भर गल्लीत ओरडली, हळद-कुंकवाने भरलेला हात डोक्यावर उंच करून. "खाली बगा!"

मारोतराव थांबले. खाली बघितलं, दगडाला वळसा घातला. मग मागे न वळता त्यांनीही आपला उजवा हात वर केला आणि पुढच्या खांबाकडे निघाले.